पहिल्या पायरीवरचं गाणं गेलं कुठे?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी वही सापडली. दर बुधवारची तारीख, खाली गाण्यांचे क्रमांक आणि प्रत्येक गाण्यापुढे वर किंवा खाली जाणारा बाण. ही ‘बिनाका गीतमाले’ची नोंद, असं आई म्हणाली. पण वर्षअखेरीला पहिली आलेली कितीतरी गाणी मी कधी ऐकलेलीच नाहीत आणि मला तोंडपाठ असलेली गाणी कुठेतरी खाली आहेत. हे क्रमांक ठरवायचं कोण? वशिला चालायचा का? आणि आमच्याकडे हळदीला हमखास वाजणारं एकही कोळीगीत या वहीत कसं नाही?
— एक वाचक, शीव कोळीवाडा

उत्तर : वही जपून ठेवा. असे बाण काढत बसणारी माणसं त्या काळी गल्लोगल्ली होती, पण त्यांच्या वह्या बहुतेक रद्दीत गेल्या.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘गीतमाला’ आकाशवाणीवर लागायची, असं पुष्कळांना वाटतं. ती लागायची रेडिओ सिलोनवर, म्हणजे कोलंबोहून. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी कमी झाली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं ठरल्यामुळे निर्मातेही बिथरले. श्रोत्यांची भूक मात्र तशीच राहिली. कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेलं जबरदस्त ताकदीचं लघुलहरी प्रक्षेपण केंद्र होतं. त्याचा आवाज शीवच काय, काश्मीरपर्यंत पोचायचा. तिथूनच १९५२ च्या डिसेंबरात, एका टूथपेस्टच्या पैशांवर, ‘गीतमाला’ सुरू झाली. गंमत म्हणजे तिचे निवेदक अमीन सायानी कोलंबोत बसून बोलत नव्हते. कार्यक्रम इथे मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप तिकडे रवाना व्हायची.

आता क्रमांकांकडे येऊ. सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच, होतं ते कोडं. सात गाणी वाजवायची आणि कालानुक्रमे, म्हणजे आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, असा त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा. बरोबर उत्तराला १०० रुपये. पत्रांचा असा पाऊस पडला की उघडून वाचायलाही माणसं पुरेनात. मग दोन-एक वर्षांत कोडं गेलं आणि पायऱ्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या वहीतले ‘पायदान’, आले.

पायरी ठरवायला दोन गोष्टी बघत: दुकानांतून तबकड्या किती खपल्या आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांचा कौल काय. दोन्ही कशासाठी? नुसत्या पत्रांवर भिस्त ठेवली, तर कुणीही हौशी निर्माता पोतंभर पत्रं टाकायला लावील. नुसती विक्री धरली, तर दुकानातला माल संपला की चांगलं चाललेलं गाणं विनाकारण खाली घसरेल. एकाची खोट दुसऱ्यानं भरून काढायची, असा हा हिशेब. वशिला लावायचे प्रयत्न झालेच नसतील, असं मी म्हणणार नाही. पण ते अवघड व्हावेत, अशीच ही रचना होती. त्यामुळे वहीतल्या क्रमांकांवर तुम्ही बऱ्यापैकी विश्वास ठेवू शकता.

मग पहिली आलेली गाणी विसरली का गेली? इथे १९५७ चं पान काढून बघा. त्या वर्षी ‘प्यासा’ आला, ‘मदर इंडिया’ आला, ‘नया दौर’ आला. पहिलं आलं ते ‘जनम जनम के फेरे’ या सिनेमातलं रफी आणि लताबाईंचं द्वंद्वगीत. एस. एन. त्रिपाठींचं संगीत आणि भरत व्यासांचे शब्द. त्याच वर्षी याच भरत व्यासांनी आणखी एक गाणं लिहिलं होतं, तेही तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या परळच्या राजकमल कलामंदिरासाठी: शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना. चाल वसंत देसाईंची. ती प्रार्थना आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत सकाळी म्हटली जाते, तुम्हीही म्हटली असेल. पण शाळेत हात जोडून उभं राहिलेलं पोर तबकडी विकत घेत नाही. त्याचं गाणं कुठल्याही यादीत मोजलं जात नाही.

हीच खरी मेख आहे. यादीत मोजली जायची ती त्या त्या आठवड्यातली ओढ, आणि वर्षाचा क्रमांक म्हणजे अशा आठवड्यांची बेरीज. गाणं पुढे टिकणं ही निराळी गोष्ट. त्याला शाळा लागते, वरात लागते, अंताक्षरी लागते, दूरदर्शनचं ‘छायागीत’ लागतं. एखादं गाणं त्या वर्षाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की वर्ष सरलं की त्याचं कामही सरतं. १९७५ चं पहिलं गाणं बघा, ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईवरचं. १९७४ मध्ये भाववाढीनं कहर केला होता, मे महिन्यात रेल्वेचा संप झाला होता. रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते गाणं आपलंच वाटलं असणार. लग्नात मात्र ते कोण लावणार? मला विचाराल तर अशी गाणी पुन्हा मुद्दाम ऐकावीत. त्या दशकातली माणसं कशानं गांजली होती आणि कशानं सुखावत होती, हे त्यांच्यातून जितकं कळतं तितकं अजरामर गाण्यांतून कळत नाही. अजरामर गाणी आपण आपल्याच काळाची म्हणून ऐकत असतो.

राहता राहिली कोळीगीतं. त्यांचं उत्तर सोपं आहे: ‘गीतमाला’ हिंदी सिनेमाच्या गाण्यांची होती. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल बांधलेलं आणि लताबाई व हेमंतकुमारांनी गायलेलं ‘डोलकर’ घ्या. तबकडी निघाली, खपली, घराघरांत गेली. पण ते ना हिंदी, ना सिनेमातलं. त्या शिडीवर पाय ठेवायची त्याला सोयच नव्हती. (हे गाणं परंपरेतून आलेलं, कुणी लिहिलेलं नाही, असं कोळीवाड्यातही पुष्कळजण सांगतात. तेवढं दुरुस्त करून घ्या.)

मराठी गाण्यांसाठी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होतं. लोक पोस्टकार्डावर फर्माईश लिहायचे, निवेदक नावं वाचायचे आणि गाणं लागायचं. तिथे पहिलं-दुसरं अशा पायऱ्या नव्हत्या. त्यामुळे कोळीगीतांपुढे बाण काढायला तुमच्या आजोबांकडे आकडेच नव्हते. ती वहीत नाहीत म्हणून घरात वाजत नव्हती, असा अर्थ काढू नका. आजोबांच्या काळी हळदीला बँडवाल्यांना काय वाजवायला सांगत, ते आईला विचारा आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवा. ती यादी दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.