शेळ्यांच्या पोटातील रक्तशोषक जंत

संगमनेरी शेळी ही अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), नाशिक व पुणे या जिल्ह्यांची जात होय. दूध व मांस या दोहोंसाठी ती पाळली जाते. परंतु पावसाळ्यात चारा मुबलक असूनही काही कळपांतील शेळ्या खंगतात व करडे दगावतात. याचे एक प्रमुख कारण ‘हिमोंकस’ हा जंत होय.

जीवनक्रम : हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. मादी रोज सुमारे ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात. ऊब व ओल मिळताच साधारणतः आठवड्याभरात अळ्या तयार होऊन ओलसर गवतावर चढतात. चरताना त्या पोटात गेल्या म्हणजे सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात.

लक्षणे : एक जंत दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे हजार जंत ५० मिलिलिटर रक्त नाहीसे करतात. पापणीची आतील बाजू लालऐवजी फिकट वा पांढरी दिसते, जबड्याखाली पाणी उतरते व जनावर मागे पडते. हगवण बहुधा नसते, म्हणून रोग ध्यानी येत नाही. पाणथळ भागात यकृतातील चपट्या कृमीनेही अशीच सूज येते. यास्तव प्रथम लेंड्या तपासून घ्याव्यात.

उपाय :
१. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्यांची तपासणी करवून सल्ल्यानुसार जंतनाशक पाजावे.
२. औषधाची मात्रा अंदाजाने न देता वजन करून ठरवावी. शेळीच्या शरीरात औषध लवकर निकामी होत असल्याने मेंढीची मात्रा तिला बहुधा पुरत नाही. अपुऱ्या मात्रेने औषधास दाद न देणारे जंत निपजतात.
३. गाभण शेळीस पशुवैद्यास विचारल्याविना औषध देऊ नये.
४. दव वाळल्यावरच शेळ्या चरावयास सोडाव्यात. शेवरी, सुबाभूळ, बोर यांचा पाला उंच बांधून द्यावा. उंचावरील पाल्यावर अळ्या पोहोचत नाहीत.
५. गोठा कोरडा ठेवावा, लेंड्या खतखड्ड्यात टाकाव्यात व करडे निराळी बांधावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यात दर पंधरवड्यास कळपातील शेळ्यांच्या पापण्या तपासण्याची सवय पशुपालकांस लावावी. फिकट पापणी वेळीच दिसली, तर शेळी वाचते.