घाटेअळीची वाढ आणि कारल्याचे बीज

घाटेअळी हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो अशा अनेक वनस्पतींवर उपजीविका करते. वेळोवेळी कात टाकत ती बहुधा सहा अवस्थांतून कोषापर्यंत पोहोचते. या अवस्थांचा काळ व अळीचे वजन आश्रयवनस्पतीनुसार बदलते. अन्नाप्रमाणे आपली प्रथिनपाचक विकरे बदलण्याची क्षमता तिच्यात असते. हे जणू तिचे सात्म्यच होय.

मात्र या सात्म्यास मर्यादा आहे. अनेक वनस्पतींच्या बीजांत विकररोधक प्रथिने असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कारल्याच्या बियांतील अशा प्रथिनांनी अळीच्या आतड्यातील प्रथिनपाचक क्रिया ८० टक्क्यांहून अधिक रोखली. ही प्रथिने आहारात मिसळली असता अळीची वाढ मंदावली व पतंगाची प्रजननक्षमता घटली.

यातून दोन बोध घ्यावेत, असे आम्हांस वाटते. बीज व फळाचा गर यांतील द्रव्ये भिन्न असतात; म्हणून कारल्याचे चूर्ण सबीज की निर्बीज, हे औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर नमूद करावे. दुसरे, अळीच्या आतड्यावरील निष्कर्ष रुग्णाच्या अग्नीस लागू होत नाही. मधुमेही रुग्णास कारले सुचविताना वैद्यांनी या प्रयोगाचा आधार घेऊ नये.