कर्करोगाची शरीरातील वाटचाल

हैदराबादच्या घरांतून पानदानाला मोठा मान. पाहुणा आला की विडा पुढे करावयाचा, आणि कित्येक घरी त्यात जर्दाही असावयाचा. म्हणून कर्करोग शरीरात कसा वाढतो हे सांगताना तोंडाच्या कर्करोगाचेच उदाहरण घेतो. शिवाय हा भाग आरशात पाहता येतो.

गालाच्या आतील अस्तराच्या पेशी नेहमी झिजतात व त्यांच्या जागी नव्या येतात. केव्हा वाढावे व केव्हा थांबावे याच्या सूचना पेशीतील जनुकांत असतात. तंबाखूतील विषारी द्रव्ये या सूचना हळूहळू बिघडवितात. नुसती सुपारी निरुपद्रवी, असे पुष्कळजण मानतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात तंबाखूवाचून सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. सुपारीने गालाचा आतील भाग राठ होतो, तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही.

प्रथम गालावर किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा दिसतो. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतो असे नाही. लाल चट्टा मात्र अधिक धोक्याचा. बिघडलेल्या पेशी अस्तराच्या तळाचा पातळ पडदा भेदून खाली उतरल्या की कर्करोग पसरू लागला असे समजावे. त्या वेळी बहुधा दुखत नाही, आणि फसगत होते ती येथेच. दाढ दुखली तर माणूस मध्यरात्री वैद्य शोधील. न दुखणारी जखम मात्र महिनोन्महिने हळदीवर नेईल! दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांस दाखविलीच पाहिजे.

पुढे या पेशी मानेतील रसग्रंथींत जातात. तेथे टणक गाठ लागते. जबड्याच्या हाडात शिरल्या तर दात हलू लागतात. जिभेच्या जखमेने कधी कान ठणकतो, कारण दोहोंच्या मज्जातंतूंचा संबंध असतो; बिचारा रोगी कानात तेल घालीत बसतो. रक्तावाटे रोग बहुधा फुप्फुसांत पोचतो. परंतु तेथील गाठीतही पेशी तोंडाच्याच असतात.

रोगी वाळतो तो केवळ गिळता येत नाही म्हणून नव्हे. रोगामुळे शरीरात अशी द्रव्ये निर्माण होतात की भूक मरते व स्नायू झिजतात. दूधअंडी देऊनही अंग भरले नाही, तर शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा पत्नीला बोल लावू नये.

आपल्याच शहरात रेड हिल्स येथे मेहदी नवाझ जंग यांच्या नावाची सरकारी कर्करोग संस्था १९५५ पासून आहे. तरीही "सुरी लागली की रोग पसरतो" या भीतीने लोक तुकडा काढून तपासू देत नाहीत. ही भीती निराधार आहे. त्या तुकड्यावाचून रोगाचे निश्चित निदान होत नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतची, फार खोल न गेलेली गाठ पुष्कळदा एका शस्त्रक्रियेने निघते. मानेत रोग उतरल्यावर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार, व कित्येकदा औषधेही, घ्यावी लागतात.