गुंठेवारी आणि महापालिकेची निवडणूक

शहरातील घरटंचाई म्हटली की मुंबईच्या झोपडपट्ट्या डोळ्यांसमोर येतात. परंतु हा प्रश्न आपल्या सांगलीतही आहे. येथे त्याचे नाव गुंठेवारी, आणि दर निवडणुकीत तो दारात येऊन उभा राहतो.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कुपवाडची औद्योगिक वसाहत, सांगलीची हळदीची बाजारपेठ, मिरजेची रुग्णालये यांनी आसपासच्या खेड्यांतील माणसांना काम दिले. घर मात्र दिले नाही. बिगरशेती मंजुरीच्या भूखंडांत रस्ते व मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे त्यांचा दर हमाल-कामगारांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून शेताचे गुंठे पडले आणि गरिबांनी ते घेतले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांची रीतसर खरेदी अवघड होती. पुष्कळ व्यवहार नुसत्या मुद्रांकावर झाले. सातबारावर नाव मूळ मालकाचे, राहणारा दुसराच! माझ्या वडिलांनी २००९ साली घेतलेला गुंठाही त्यांतलाच.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज व कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. पुढे २००१ साली राज्याने गुंठेवारी कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड प्रशमन शुल्क व विकास आकार घेऊन नियमित करावेत, अशी त्यात तरतूद होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. मुंबईतील झोपडीधारकांची तारीखही १९९५ वरून २००० वर सरकली होतीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तारीख ठरवते विधिमंडळ, आणि मते मागायला येतो नगरसेवक. त्याच्या हाती असतो मुरूम, दिवा, नळ आणि गटार. मंजूर वसाहतीत गटार मागणे हा हक्क समजला जातो. गुंठेवारीत तेच काम उपकार ठरते. श्यामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी साचून राहते. तेथे मुरमाच्या एका ट्रॉलीचे मोल काय, हे ज्याला रोज चिखलातून सायकल काढावी लागते त्यालाच कळेल. वस्ती नियमित झाली तर हा उपकार करण्याची संधीच उरणार नाही, अशी मला शंका येते. अर्थात दोष एकट्या नगरसेवकाचा नव्हे. शुल्क भरणारा आणि न भरणारा एकाच चिखलात राहतात, हे पाहून आपणही थांबतो.

२०१८ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२३ मध्ये संपली व प्रशासकाचा कारभार सुरू झाला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका म्हणत, “मेंबरच न्हाई, सांगायचं कुणाला?” उपकार करणाराही नाहीसा झाला की काय होते, ते आम्ही त्या काळात पाहिले.

नवी मुदत आल्यावर वडिलांनी नियमितीकरणाची कागदपत्रे गोळा केली. पुढे निवडणुकीच्या प्रचारात एक उमेदवार घरी आला आणि म्हणाला, “मामा, घाई करू नका. आमची सत्ता येऊ द्या, शुल्क माफ करून घेऊ.” शुल्क राज्याच्या कायद्यातले आहे, हे मी वर्गात शिकलो होतो. मी तसे बोललो; वडिलांनी मला गप्प बसवले.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. कागदपत्रे अजून पिशवीतच आहेत. शुल्कासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून माझी दुसऱ्या वर्षाची फी गेली.