अंगणातला लाल गुलाब

गुलाब कोणाला आवडत नाही? रोपवाटिकेत लाल फुलाचं रोप दिसलं, की ते घ्यावंसं वाटतंच. आपण ते घरी आणतो, ओट्यापुढे लावतो. दोन महिने फुलं येतात. देवाला होतात, केसात माळायला होतात. पुढे पावसाळा येतो आणि झाडाची नुसती काठी उरते. मग आपण म्हणतो, "आमच्या हाताला गुलाब लागत नाही."

मंडळी, दोष हाताचा नाही. गुलाबाची एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितलेली नसते. ती आज शिकू.

आमची फजिती

आम्हीही असेच फसलो. वर्गाच्या खोलीपुढे चार हात जागा होती. तिथे आम्ही लाल गुलाबाचे एक रोप लावले. खोल खड्डा केला, बुंधा मातीत चांगला पुरला. पावसात त्याची सगळी पाने गळाली. आम्ही आशा सोडली. पण दिवाळीच्या सुमारास बुंध्याजवळून एक तरतरीत फूट निघाली. आम्हांला कोण आनंद झाला! तिला खत घातले, पाणी घातले. बघता बघता ती कमरेइतकी वाढली. होळीच्या सुमारास फुले आली. पण ती लाल नव्हती! लहान, फिकट, घोसाने आलेली फुले होती ती.

"रंग कसा हो बदलला?" आम्ही एका म्हाताऱ्या माळीबुवांना विचारले. ते खाली बसले. बोटाने माती उकरली आणि म्हणाले, "रंग बदलला नाही. तुमचा लाल गुलाब केव्हाच मेला. हे दुसरंच झाड आहे. इतके दिवस तुम्ही त्यालाच पोसलंत."

एका झाडात दोन झाडे

आंब्याचे कलम तुम्हांला ठाऊक आहे. खाली रायवळ, वर हापूस. कलमी गुलाबाचेही तसेच. खालची मुळे रानटी गुलाबाची असतात. ती चिवट असतात. त्या रानटी झाडाच्या सालीत लाल गुलाबाचा डोळा बसवतात. याला डोळा भरणे म्हणतात. जिथे डोळा भरला, तिथे बुंध्यावर एक गाठ दिसते.

ही गाठ ओळखायला शिका. गाठीच्या वरून निघालेली फूट आपली. गाठीच्या खालून निघालेली फूट रानटी. पाने मोजून ओळखू पाहाल, तर फसाल. फूट कुठून निघाली, तेच पाहा.

रानटी फूट जोमाने वाढते. ती सगळे अन्न खाते आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. म्हणून ती दिसताच माती उकरा आणि जिथून निघाली, तिथूनच ओढून काढा. वरवर कापू नका. वरवर कापली, तर एकीच्या चार होतात.

लावताना गाठ मातीच्या दोन बोटे वर ठेवा. आमची गाठ मातीत गाडली गेली होती. आपल्याकडच्या पावसात गाडलेली गाठ कुजते.

कोणते रोप घ्यावे?

लहान जागेसाठी हायब्रिड टी जातीचा बुटका लाल गुलाब बरा. हायब्रिड म्हणजे संकरित. टी म्हणजे चहा. पण याचा चहा करत नाहीत बरं का! चीनमधून युरोपात गेलेल्या काही गुलाबांना चहाच्या पानांसारखा वास येई. म्हणून त्यांना टी गुलाब म्हणत. त्यांचा युरोपातल्या दणकट गुलाबांशी संकर केला. १८६७ साली फ्रान्समधल्या गियो नावाच्या माळ्याने 'ला फ्रान्स' हा गुलाब पुढे आणला. हायब्रिड टीमधला पहिला म्हणून त्याचेच नाव घेतात. या जातीत बहुधा एका दांड्यावर एकच मोठे फूल येते.

आपल्या देशातही मोठे गुलाबवाले होऊन गेले. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे नामांकित शास्त्रज्ञ. १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस, पण गुलाबाच्या नव्या जाती स्वतः तयार करी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या लाल गुलाबाचे नाव 'रक्तगंध' आहे.

रोप घेताना त्याला बांधलेली चिठ्ठी वाचा. आता तुम्हांला वाचता येते! नुसते 'लाल गुलाब' यावर जाऊ नका. 'मिस्टर लिंकन' हा सुवासिक लाल गुलाब आहे, पण तो माणसाएवढा उंच होतो. बाजारातला लांब दांड्याचा लाल गुलाब पुष्कळदा मावळातल्या हरितगृहांतून येतो. तिथे त्याला छप्पर असते, मोजून पाणी आणि खत असते. आपल्या अंगणात तो तसा येणार नाही. म्हणून विचारा, "हा किती उंच होतो?" दोन-अडीच फुटांवर थांबणारा घ्या. आणि पहिल्या वर्षी एकच घ्या.

जागा आणि माती

१९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तिथे रस्ते आणि इमारती आल्या. पुष्कळ घरांपुढे आता एवढेसे अंगण उरले आहे. म्हणून जागा नीट निवडा. रोज पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. शेजारच्या इमारतीची सावली कुठे पडते, ते दिवसभर पाहा.

खाडीजवळची माती खारी असते. पुष्कळ ठिकाणी भराव टाकलेला असतो. त्यात गुलाब रुसतो. अशा ठिकाणी मोठी कुंडी वापरा. ती निदान बारा इंच रुंद आणि तितकीच खोल असावी. तळाला भोके हवीत. त्यांवर खापरीचे तुकडे ठेवा. दोन वाटे चांगली माती, एक वाटा कुजलेले शेणखत आणि एक वाटा जाड वाळू असे मिसळून भरा. ताजे शेण घालू नका. त्याने मुळे जळतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर नळाचे घाला.

पाणी किती घालावे? बोट मातीत दोन पेरे खुपसा. कोरडे लागले तर घाला, ओले लागले तर थांबा. पाणी सकाळी घाला, बुंध्याशी घाला. पाने भिजवू नका.

पावसाळा सांभाळा

आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो साचून राहिला, तर उभा माणूस बुडेल! या पावसात गुलाब तहानेने मरत नाही, पाण्याने मरतो. म्हणून कुंडी दोन विटांवर ठेवा. भोके मोकळी आहेत का, ते पाहा. जमिनीत लावला असेल, तर बुंध्याशी मातीचा उंचवटा करा. जमले तर कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवा.

याच दिवसांत पानांवर काळे ठिपके पडतात. पान पिवळे होऊन गळते. हा बुरशीचा रोग आहे. गळलेली पाने रोज वेचून कचऱ्यात टाका. ती बुंध्याशी राहिली, तर रोग पुन्हा वर चढतो.

छाटणी

पाऊस संपला, की ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करा. धारदार कात्री घ्या. आधी वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा. उरलेल्या फांद्या निम्म्यावर आणा. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्या. फांदी आतून काळी-तपकिरी दिसली, तर पांढरी दिसेपर्यंत खाली कापा. मग ओंजळभर शेणखत घाला. साधारण दीड महिन्यात फुले येतात.

औषधाचा डबा वाचा

कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला, तर आधी पाण्याच्या धारेने धुऊन टाका. एवढ्याने भागले नाही, तर ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा. सकाळी गाळून थोडा साबण मिसळा आणि फवारा.

विकतचे औषध आणलेच, तर डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला, तरी तेही विषच. डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका. औषध मारलेली फुले खाण्यात घेऊ नका.

माळीबुवांच्या सांगण्यावरून आम्ही दुसरे रोप आणले. गाठ वर ठेवली. पहिल्या पावसात त्याची पाने गळाली, पण झाड जगले. छाटणीनंतर एक कळी आली. ती उमलली, तेव्हा वर्गातल्या एका आजीबाई म्हणाल्या, "शेत होतं तेव्हा फुलझाडाकडे बघायला सवड नव्हती. आता शेत नाही. पण मातीची सवय जात नाही बघा."

आजी रोज वर्गाला येताना आधी बुंध्याजवळ बसतात. गाठ पाहतात, खालची फूट काढतात आणि मग पाटी घेतात.

प्रश्न
१. गाठीच्या खालून आलेली फूट का काढावी?
२. कुंडी विटांवर का ठेवावी?
३. रोप घेताना दुकानदाराला काय विचाराल?
४. तुमच्या घरी गुलाब असेल, तर त्याची गाठ शोधा. ती मातीच्या वर आहे का?