भरतीच्या वेळची वचने : अमेरिकन सैन्यातील एका वादाचा अभ्यास

लष्करात नाव नोंदविणारा तरुण सरकारशी करार करतो, की केवळ सरकारच्या अधीन होतो? वरवर पाहता हा प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु अमेरिकेत शिक्षणाच्या सवलती आणि भरतीचा बोनस यांवरून सैनिक व शासन यांच्यात जे वाद झाले, त्या साऱ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या वादांचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, तो 'जी. आय. बिल' या नावाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना महाविद्यालयाची फी, पुस्तके व निर्वाहभत्ता देण्याची तरतूद त्यात होती. सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्याआधारे शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. मात्र ही सवलत दाखवून त्यांना सैन्यात ओढलेले नव्हते. बहुतेक जण सक्तीच्या भरतीने गेले होते, आणि राष्ट्राने कृतज्ञतेपोटी त्यांना मागाहून हे दान दिले होते.

१९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि चित्र पालटले. आता तरुणांना स्वेच्छेने यावयास लावणे भाग होते. १९८५ पासून अमलात आलेली 'माँटगोमेरी जी. आय. बिल' योजना ही या नव्या काळाची निशाणी होय. तीत सहभागी होणाऱ्या सैनिकाच्या पगारातून पहिल्या वर्षी दरमहा १०० डॉलर, म्हणजे एकूण १,२०० डॉलर कापले जात आणि त्या बदल्यात पुढे ३६ महिन्यांचे शिक्षणसाहाय्य मिळे. २००८ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने यापेक्षा उदार योजना आणली. तीत पगारातून कपात नाही. जे पूर्वी बक्षीस होते, ते आता भरतीचे आमिष झाले. बक्षीस देणाऱ्याला अटी विचारण्याचा प्रघात नाही. आमिषाच्या अटी मात्र विचारल्याच पाहिजेत. वादाचा उगम येथे आहे.

आता कायद्याची बाजू. १८९० मध्ये ग्रिम्ली नावाच्या सैनिकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. या गृहस्थाने चाळिसाव्या वर्षी आपले वय २८ असल्याचे सांगून नाव नोंदविले होते, आणि पुढे वयाचा नियम मोडल्यामुळे आपली भरतीच रद्दबातल आहे, असे तो म्हणू लागला. न्यायालयाने ते मानले नाही. भरती हा करार आहे खरा, परंतु विवाहाप्रमाणे तो माणसाची स्थितीच बदलणारा करार आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. विवाहानंतर पती-पत्नींची कर्तव्ये केवळ त्यांच्या आपसातील बोलीवर ठरत नाहीत, कायदा ठरवितो, तद्वतच सैनिकाचे. १९६१ च्या बेल खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. सैनिकाचे वेतन कायद्याने ठरते, खाजगी कराराचे सामान्य नियम त्याला लागू पडत नाहीत, असा निर्वाळा त्याने दिला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, भरती अधिकाऱ्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टीला फारसे मोल उरत नाही. अमेरिकन सैन्याच्या भरतीच्या छापील अर्जातच स्पष्ट लिहिलेले असते की, अर्जात व त्याच्या जोडपत्रांत जे नमूद आहे तेवढीच सरकारची वचने. अन्य कोणी काही सांगितले असल्यास ते पाळले जाणार नाही. शिवाय वेतन, भत्ते व सवलती यांविषयीचे कायदे पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात, हेही त्यातच असते. सैनिक मात्र मुदत संपण्यापूर्वी आपल्या मर्जीने सोडून जाऊ शकत नाही. एका पक्षाला बांधणारा आणि दुसऱ्याला मोकळा ठेवणारा असा हा दस्तऐवज आहे.

मग न्याय मिळतच नाही काय? तसेही नाही. १९७७ चा लॅरिओनॉफ खटला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. नौदलातील काही तंत्रज्ञांनी आपली सेवेची मुदत वाढवून देण्याचे लिहून दिले, कारण त्यांच्या कामाला तेव्हा विशेष बोनस होता. वाढीव मुदत सुरू होण्यापूर्वीच नौदलाने त्या कामाचे नाव बोनसच्या यादीतून काढून टाकले आणि पैसे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने सैनिकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने कराराचा नव्हे, तर कायद्याच्या हेतूचा आधार घेतला, हे येथे ध्यानात घ्यावे. माणसाने राहण्याचा निर्णय घ्यावा म्हणूनच काँग्रेसने हा बोनस ठेवला. तर निर्णयाच्या क्षणी जो दर होता तोच दिला पाहिजे, अन्यथा बोनसचा उद्देशच फसतो, असा हा युक्तिवाद होता.

पैसे न देणे हा एक प्रकार झाला. दिलेले परत मागणे हा दुसरा. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांच्या काळात कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डने सैनिक टिकविण्यासाठी सढळ हाताने बोनस वाटले. एकेकाला १५,००० डॉलर किंवा त्याहून अधिक मिळाले. पुढे तपासणीत आढळले की, अनेकांना नियमबाह्य रकमा दिल्या गेल्या होत्या. त्या वाटपाची व्यवस्था पाहणाऱ्या एका लष्करी कर्मचाऱ्यास तुरुंगवासही झाला. परंतु वसुलीचा तगादा लागला तो सैनिकांमागे! २०१६ मध्ये वृत्तपत्रांनी जवळजवळ १०,००० सैनिकांची ही हकीकत उजेडात आणली. त्यांतील पुष्कळांनी युद्धभूमीवर सेवा बजावलेली होती. लोकक्षोभ झाल्यावर संरक्षणमंत्री अॅश कार्टर यांनी वसुली थांबविली आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायद्याने दिलासा दिला. चूक कचेरीची आणि भुर्दंड शिपायाला, हा न्याय जनतेला पटला नाही.

शिक्षणसवलतीसंबंधीचा सर्वांत अलीकडचा मोठा निकाल एप्रिल २०२४ मधील, रुडिसिल खटल्यातील आहे. या सैनिकाने तीन वेगवेगळ्या कालखंडांत मिळून सुमारे आठ वर्षे सेवा केली होती आणि त्यामुळे जुन्या व नव्या अशा दोन्ही योजनांस तो पात्र होता. जुन्या योजनेतील २५ महिने व १४ दिवस त्याने वापरले होते. नव्या योजनेखाली त्याला केवळ १० महिने १६ दिवस, म्हणजे एकूण ३६ महिनेच मिळतील, असे खात्याचे म्हणणे. तर दोन्ही मिळून कायद्याने घातलेली ४८ महिन्यांची कमाल मर्यादा आपणास लागू आहे, असे त्याचे. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याचे म्हणणे उचलून धरले. वेगवेगळ्या सेवेने स्वतंत्रपणे मिळविलेले हक्क कोणताही एक सोडून न देता वापरता येतात, असे ठरले.

या प्रकरणांवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, सैनिकाचे हक्क टिकतात ते बोलण्यावर नव्हे, तर लेखी शब्दावर आणि त्यामागील कायद्यावर. शिक्षणाची सवलत सन्मानपूर्वक निवृत्तीवर अवलंबून असते. बोनस विशिष्ट कामाला जोडलेला असतो, आणि मुदत पुरी न केल्यास न कमावलेला भाग परत द्यावा लागू शकतो. या अटी सही करण्यापूर्वीच वाचावयाच्या असतात. दुसरा निष्कर्ष शासनासाठी आहे. कायद्याने वचन मोडण्याची मुभा असली, तरी मोडलेल्या वचनाची वार्ता पुढच्या भरतीपर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडेही २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची मुदत, सेवानिधीची रक्कम आणि फक्त २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम ठेवण्याची तरतूद होती. पहाटे उठून भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले गावोगाव दिसतात. छाती आणि उंची मोजून घेण्यास ती जेवढी उत्सुक असतात, तेवढ्याच काळजीने त्यांनी समोर आलेला कागदही वाचावा. देशसेवेची भावना त्याने उणावत नाही. उलट, आपण काय देत आहोत व काय घेत आहोत हे जाणून दिलेली सेवा अधिक खंबीर असते.