ऑरलॉकचं नाक आणि शेतातलं बुजगावणं

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ दाखवला. नंतरच्या चर्चेत एक जण म्हणाला, हा ज्यूद्वेषी चित्रपट आहे. मला तर ती साधी भुताची गोष्ट वाटली. आपण उगाच राजकारण हुडकतो का?

उत्तर : उगाच नाही. पण शिक्का मारून मोकळं व्हावं इतकं ते सोपंही नाही.

चित्रपटातला रक्तपिपासू काउंट ऑरलॉक आठवा. बाकदार नाक, झुपकेदार भुवया, नख्या वाढलेली बोटं. पूर्वेकडून येतो, मातीच्या पेट्यांतून उंदीर आणतो, नायकाच्या घरासमोरचं घर विकत घेतो आणि गावात प्लेग सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व युरोपातून जर्मनीत आलेल्या गरीब ज्यूंविषयी ज्यूद्वेष्टे हेच बोलत : परके, रोगट, घरात घुसणारे. प्लेगची ही साथ ज्यावरून चित्रपट घेतला त्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत नाही, ती चित्रपटवाल्यांनी घातली. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालणारे आपले खापरपणजोबा त्या भीतीची ताकद ओळखून होते. पुढे १९४० च्या ‘डेअर एविगे युडे’ या नाझी प्रचारपटाने ज्यूंची तुलना सरळ उंदरांच्या झुंडींशीच केली.

ऑरलॉकचं रूप ठरवलं आल्बिन ग्राउने. हा गृहस्थ गूढविद्येच्या नादी लागलेला. त्याच्या निर्मितीसंस्थेचं नाव प्राण-फिल्म. हो, आपलाच ‘प्राण’! कादंबरी परवानगीविना वापरली म्हणून स्टोकरच्या पत्नीने केलेल्या दाव्यापायी संस्थेचा हा ‘प्राण’ लवकरच गेला.

आता दुसरी बाजू. पटकथा लिहिणारा हेन्रिक गालेन स्वतः ज्यू. दिग्दर्शक मुर्नाऊ समलिंगी, तेही जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ खाली समलिंगी संबंध हा गुन्हा असताना. दिवसा दडून राहणाऱ्या प्राण्याची कळ त्याला बाहेरून शोधावी लागली नसेल, असं मला वाटतं. नाझींमुळे परागंदा झालेल्या चित्रपट-समीक्षक सीगफ्रीड क्राकाउअरला तर १९४७ साली ऑरलॉकमध्ये ज्यू नाही, जुलमी सत्ताधीश दिसला.

माझा कौल मात्र एका छोट्या प्रसंगावर ठरतो. साथीने भेदरलेलं गाव कुणावर तरी राग काढायला ऑरलॉकच्या वेड्या दलालामागे, क्नॉकमागे धावतं. दगड भिरकावतं. शेतात एक आकृती दिसते, जमाव तिच्यावर तुटून पडतो, तर ते निघतं बुजगावणं. खरा मारेकरी तिकडे खिडकीत उभा. द्वेषाचा प्रचार करायला निघालेला माणूस जमावाची अशी फजिती कशाला दाखवील? म्हणून माझं मत असं : ऑरलॉकचा चेहरा द्वेषाच्या बाजारातून उचललेला आहे आणि त्याला माफी नाही, पण गोष्ट त्या बाजाराची नाही.

क्नॉकचं काम करणारा आलेक्झांडर ग्रानाख गॅलिशियातला, म्हणजे पूर्वेकडून बर्लिनला आलेला ज्यू होता. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला आणि गालेनला, दोघांनाही देश सोडावा लागला.